बाबासाहेबांचं कोलंबियातलं पहिलं वर्ष

जुलै १९१३. भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले तेव्हा जेमतेम २२ वर्षांचे होते. वडील, रामजी सुभेदार, त्याच वर्षी फेब्रुवारीत गेलेले. हाताशी बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्यातच राहणं-खाणं, पुस्तकं आणि काटकसर करून घरी पाठवायचे पैसे.

मुक्काम लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात (आजचा वॉलक हॉल). तिथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी जुळलेली मैत्री जन्मभर टिकली. पुढे लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला निघाले, तेव्हा भथेनांनीच पैशांची मदत केली.

मला मात्र सगळ्यांत भारावून टाकते ती त्यांची ज्ञानाची भूक. कोलंबियातल्या तीन वर्षांत एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११. शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, वर फ्रेंच आणि जर्मन! शिकवायला सेलिग्मन, जॉन ड्युई यांच्यासारखे प्राध्यापक. एम.ए. १९१५ मध्ये, प्रबंध प्राचीन भारताच्या व्यापारावर.

आणि एक पत्र. न्यूयॉर्कला पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्यांना लिहिलेलं. मुलांच्या बरोबरीनं मुलींनाही शिकवलं तर आपली प्रगती झपाट्यानं होईल, असं त्यात आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह अजून चौदा वर्षं दूर होता. विद्यार्थिदशेतले बाबासाहेब समजून घ्यायचे असतील तर सुरुवात या पत्रापासून करा.