निवासी डॉक्टर : पहिल्या वर्षाची ओळख

मध्यरात्री एखाद्या रुग्णाची प्रकृती बिघडली की खाटेजवळ सर्वप्रथम पोहोचतात ते निवासी डॉक्टर. बहुधा ते पहिल्या वर्षाचे असतात. त्यांचे कोवळे वय पाहून "आम्हाला शिकाऊ डॉक्टर नकोत, मोठ्या डॉक्टरांना बोलवा," असा आग्रह नातेवाईक धरतात. अहवाल वर्षात अशा लेखी तक्रारी आमच्याकडे आल्या. एका प्रसंगी तर धाप लागलेल्या रुग्णाची मोलाची काही मिनिटे या वादातच गेली. रुग्ण बरा होऊन घरी गेला. परंतु या डॉक्टरांविषयी पुरेशी माहिती देण्यात आम्हीच कमी पडलो, याची जाणीव झाली. त्यासाठी हा लेखनप्रपंच.

निवासी डॉक्टर विद्यार्थी आहेत हे खरे. परंतु ते आधी डॉक्टर आहेत. एम.बी.बी.एस.चा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता आणि वैद्यक परिषदेकडील नोंदणी, एवढे झाल्यावरच ते येथे रुजू होतात. ही पद्धत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, त्याच्या १८८९ मधील स्थापनेनंतर, डॉ. विल्यम ऑस्लर व डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांनी रुजविली. शिकणाऱ्या डॉक्टरने रुग्णालयातच राहावे, म्हणून तो 'निवासी'.

या शिक्षणाचे प्रमुख मार्ग दोन. पहिला, वैद्यकीय महाविद्यालयातील एम.डी. अथवा एम.एस. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून व उरलेल्या राज्याकडून भरल्या जातात. दुसरा, १९७५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.एन.बी. ही पदवी. महाविद्यालय नसलेल्या, परंतु मंडळाची मान्यता मिळालेल्या आमच्यासारख्या रुग्णालयांतही ती घेता येते. केंद्र शासनाने तिला एम.डी., एम.एस.च्या समकक्ष मानले आहे. दोन्हींचा कालावधी तीन वर्षांचा असून दोन्हींसाठी 'नीट-पीजी' ही एकच प्रवेश परीक्षा आहे. याखेरीज मंडळाच्या काही विषयांतील दोन वर्षांच्या पदविकाही आहेत.

कोणताही मार्ग घेतला तरी विषय प्रवेशाच्या वेळीच ठरतो. गुणानुक्रमानुसार कधी मनाजोगता विषय मिळतो तर रुग्णालय दूरचे, कधी याच्या उलट. घेतलेली जागा सोडणे सोपे नसते. म्हणूनच पहिले वर्ष कसोटीचे ठरते.

या वर्षात रुग्णाचा पूर्वेतिहास घेणे, तपासणे, रक्ताचे नमुने पाठविणे, केसपेपर लिहिणे, शस्त्रक्रियेत साहाय्य करणे ही कामे त्यांच्याकडे असतात. शिवाय प्रबंधाचा आराखडा सादर करावयाचा असतो. परंतु महत्त्वाचे निर्णय ते एकट्याने घेत नाहीत. त्यांच्यावर वरिष्ठ निवासी डॉक्टर आणि त्यांच्यावर विभागाचे तज्ज्ञ, अशी उतरंड असते. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांनी तपासून कळविल्याखेरीज तज्ज्ञांना दूरध्वनीवरून नेमका सल्ला देणेही अवघड जाते. म्हणून त्यांना रोखणे म्हणजे मोठ्या डॉक्टरांपर्यंतची पहिली पायरीच काढून घेणे होय.

आता आमच्या उणिवेविषयी. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेनुसार सलग काम सर्वसाधारणपणे दिवसाला १२ तासांहून अधिक नसावे व आठवड्याची सुटी मिळावी, अशी अपेक्षा आहे. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले तेव्हा आम्हाला ती पाळता आली नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो. थकलेल्या डॉक्टरच्या हातून चूक होण्याचा धोका वाढतो आणि तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते. यापुढे रात्रपाळीनंतरची विश्रांती कर्तव्यतक्त्यातच नोंदविण्याचे विश्वस्त मंडळाने ठरविले आहे. तथापि विश्रांतीच्या खोलीत आज पाच जणांमागे दोनच खाटा आहेत.

यंत्रसामग्रीसाठी देणगीदार बंधुभगिनींनी सदैव सढळ हाताने साहाय्य केले, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. यंदा या खोलीचाही विचार व्हावा, ही नम्र विनंती. आणि रुग्णांच्या आप्तांना एवढेच सांगणे : रात्री तरुण डॉक्टर खाटेजवळ आले, तर त्यांना आधी रुग्णाला तपासू द्यावे. शंका असल्यास त्यानंतर अवश्य विचारावी. विचारण्याचा तो आपला हक्कच आहे.