सरळ रेषा ‘कर्व्ह’ होऊ शकते काय?

सेमी इंग्रजी माध्यमाच्या एका प्राथमिक शाळेत सहावीच्या वर्गाची घटक चाचणी झाली. गणिताच्या प्रश्नपत्रिकेत चार आकृत्या देऊन त्यांपैकी ‘कर्व्ह’ कोणत्या, असा प्रश्न विचारण्यात आला होता. पहिली आकृती पट्टीने काढलेल्या रेषाखंडाची, दुसरी धनुष्यासारख्या कमानीची, तिसरी नागमोडी रेघेची आणि चौथी अंड्याच्या आकाराची होती. बहुतेक मुलांनी शेवटच्या तीन आकृत्यांवर खूण केली. एका मुलीने मात्र चारही आकृत्यांवर खूण केली. शिक्षकांनी तिच्या पहिल्या खुणेवर तांबडी फुली मारून एक गुण कमी केला. दुसऱ्या दिवशी ती मुलगी मामेबहिणीचे जुने पुस्तक घेऊन आली. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २००६ साली प्रथम प्रसिद्ध केलेले ते सहावीचे गणिताचे पुस्तक होते. नेहमीच्या बोलण्यात कर्व्ह म्हणजे सरळ नसलेला आकार असे समजले जात असले, तरी गणितात कर्व्ह सरळही असू शकतो, अशा आशयाचे विधान त्यात होते. “गुरुजी, मग माझं काय चुकलं?” एवढेच तिने विचारले.

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ‘कर्व्ह’ हा शब्द कोठून आला व कोठे कोठे गेला, हे थोडे पाहिले पाहिजे. लॅटिन भाषेत ‘कुर्वुस’ म्हणजे वाकलेला. त्यापासून इंग्रजीत हा शब्द आला. याच मुळापासून फ्रेंचच्या मार्गाने ‘कर्ब’ असा आणखी एक शब्द इंग्रजीत आला. घोड्याला आवरण्यासाठी लगामाला जोडलेला जो भाग असतो, त्यास तो लावला जाई. पुढे कोणत्याही गोष्टीस आळा घालणे, या अर्थाने तो क्रियापद म्हणून रूढ झाला. रस्त्याच्या कडेच्या दगडी काठालाही इंग्रजीत कर्ब म्हणतात. म्हणजे वाकण्याच्या कल्पनेतून आवरण्याची कल्पना निघाली. मराठीत ‘वळण’ शब्दाचा प्रवास याहून फार निराळा नाही. घाटातील रस्त्याला वळण असते, अक्षराला वळण असते, मुलांना वळण लावावे लागते आणि नात एखादे वेळी आजीच्या वळणावर जाते.

तथापि मराठीची रीत एका बाबतीत वेगळी आहे. इंग्रजी माणूस जेथे जेथे ‘कर्व्ह’ म्हणतो, तेथे तेथे मराठी माणूस एकच शब्द वापरीत नाही. नाकाला बाक असतो, दरवाजावर कमान असते, नदी नागमोडी वाहते, चंद्राची कोर असते, आणि अक्षरावर वेलांटी असते. संस्कृत ‘वक्र’ व त्याच घराण्यातील ‘वाकडा’ हे दोन शब्द तर बहुधा दोषच सुचवितात. वक्रदृष्टी, वाकडे पाऊल, वाकड्यात शिरणे, यांपैकी एकही गोष्ट कोणाला आपल्या वाट्यास यावी असे वाटत नाही. अपवादही आहेत. वक्रतुंड हे नाव आपण पूज्यभावाने घेतो. आणि काश्मीरचा कुंतक हा संस्कृत साहित्यशास्त्रज्ञ तर वक्रोक्ती हाच काव्याचा प्राण मानतो. परंतु वर्गात ‘कर्व्ह म्हणजे वाकडी रेघ’ असे सांगितले की मुलाच्या मनात कुंतक येत नाही. वाकडे अंगणच येते. या एका वाक्याने त्याची पुढील दोन वर्षांची भूमिती थोडी वाकडी होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता भूमितीकडे वळू. युक्लिडच्या ग्रंथात रेघ म्हणजे जिला केवळ लांबी आहे, रुंदी नाही, अशी वस्तू. या व्याख्येत सरळपणाचा उल्लेख नाही. सरळ रेषेची व्याख्या त्याने पुढे स्वतंत्रपणे केली. म्हणजे त्याच्या लेखी ‘रेघ’ हे मोठे कुटुंब, आणि सरळ रेषा ही त्यातील एक व्यक्ती. पुढे कुटुंबाचे नाव बदलले, कुटुंब मात्र तेच राहिले. आज शालेय भूमितीत ‘रेषा’ म्हटली की ती सरळ व दोन्ही बाजूंना अमर्याद असे आपण शिकवितो, आणि सर्वांना सामावून घेणाऱ्या मोठ्या कुटुंबाला ‘वक्र’ अर्थात ‘कर्व्ह’ हे नाव मिळाले आहे. प्राथमिक वर्गापुरते एवढे सांगणे पुरेसे आहे की, कागदावरून पेन्सिल न उचलता जी आकृती काढता येते ती वक्र होय. पेन्सिल वळलीच पाहिजे, अशी अट येथे नाही. चौरसाला चार बाजू असल्या तरी समभुज चौकोन म्हणण्याचे आपण नाकारीत नाही. त्याचप्रमाणे न वळलेला वक्र हाही वक्रच.

यावरून आणखी एक गोष्ट निघते व ती मुलांना अधिकच नवलाची वाटते. त्रिकोण हाही वक्र आहे. पेन्सिल न उचलता तो काढता येतो आणि जेथून निघालो तेथेच परत येतो. म्हणून तो बंद वक्र. कोपरे असल्याने त्याचे वक्रपण जात नाही. इंग्रजी सी हे अक्षर खुला वक्र आहे. शून्य हा बंद वक्र असून तो स्वतःला कोठेही छेदीत नाही, म्हणून त्यास साधा बंद वक्र म्हणतात. इंग्रजी आठाचा आकडा बंद आहे, पण स्वतःला छेदतो. आपला देवनागरी ४ स्वतःला छेदतो, परंतु बंद नाही. फळ्यावर अशी अक्षरे व अंक काढून मुलांकडून गट पाडून घेतल्यास पाठ लवकर समजतो, आणि साहित्याचा खर्च खडूपलीकडे जात नाही.

साध्या बंद वक्राविषयी एक प्रसिद्ध प्रमेय आहे. कामीय जॉर्दां या फ्रेंच गणितज्ञाने १८८७ साली ते मांडले. साधा बंद वक्र प्रतलाचे दोन भाग करतो, एक आतला व एक बाहेरचा, असे ते प्रमेय सांगते. ऐकणाऱ्यास वाटते, यात सिद्ध करण्यासारखे काय आहे? कुंपण घातले की आत व बाहेर होणारच. वस्तुतः याची काटेकोर सिद्धता बरीच अवघड आहे. कारण वक्र या शब्दात किती चमत्कारिक आकृत्या येतात, याची आपल्याला कल्पना नसते. १८९० साली पेआनो या इटालियन गणितज्ञाने असा एक वक्र दाखविला की जो चौरसातील प्रत्येक बिंदूतून जातो. रेघेने चौरस भरून टाकला! अशा वेळी ‘दिसतेच आहे’ हे उत्तर चालत नाही.

सिद्धता जरी शाळेच्या आवाक्याबाहेरची असली, तरी या प्रमेयाचा खेळ मैदानावर सहज घेता येतो. फक्कीने शाळेच्या पटांगणावर आतड्यांप्रमाणे वळणावळणाचा, पण स्वतःला कोठेही न छेदणारा मोठा बंद आकार आखावा. वळणे इतकी असावीत की मध्ये उभ्या असलेल्या मुलास आपण आत आहोत की बाहेर हे चटकन कळू नये. मग त्या मुलाने नाकासमोर सरळ चालत आकाराच्या पूर्ण बाहेर जावे व वाटेत फक्कीची रेघ किती वेळा ओलांडली ते मोजावे. संख्या विषम आली तर ते आत होते, सम आली तर बाहेर होते. रेघेला नुसता स्पर्श करून जाणारी किंवा नेमक्या कोपऱ्यातून जाणारी वाट घेऊ नये, एवढी दक्षता बाळगावी. प्रत्येक वेळी रेघ ओलांडली की आतला बाहेरचा होतो व बाहेरचा आतला, हे कारण चौथीची मुलेदेखील दोनतीन फेऱ्यांनंतर स्वतःच सांगतात. सम व विषम संख्यांचा इतका उपयोग त्यांनी तोवर पाहिलेला नसतो.

वक्र शब्दाची दुसरी मोठी वस्ती आलेखांच्या प्रांतात आहे. तेथे आलेखावरील रेघ सरळ असो वा वळलेली, तिला इंग्रजीत कर्व्हच म्हणतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणीचा वक्र पुष्कळदा पट्टीने काढलेला असतो. येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. आलेखावरील वक्र वर जाणे चांगले की सपाट होणे चांगले, हे वक्र पाहून ठरत नाही. अक्षांवर काय लिहिले आहे ते वाचून ठरते. २०२० साली कोरोनाच्या साथीत ‘कर्व्ह सपाट करा’ ही घोषणा जगभर झाली. रुग्ण एकदम न वाढता ते अधिक दिवसांत विभागले जावेत, म्हणजे रुग्णालयांवरील भार त्यांच्या शक्तीबाहेर जाणार नाही, असा तिचा अर्थ. तेव्हा सपाट वक्र ही दिलाशाची गोष्ट होती. उलट, अंगणवाडीतील वाढीच्या तक्त्यावर बालकाच्या वजनाचा वक्र सपाट झाला, तर ती काळजीची गोष्ट असते. त्या तक्त्यावर छापलेले वक्र आडव्या अक्षावरील वयाबरोबर वर चढत जातात; बालकाचा वक्र त्यांच्या सोबतीने चढला पाहिजे. महिन्यामागून महिने तो आडवाच राहिला, तर मूल वरवर हसतेखेळते दिसले तरी त्याची वाढ थांबली आहे असे समजावे लागते. शाळेशेजारच्या अंगणवाडीतून नावे काढून टाकलेले असे दोन तक्ते आणून पाचवीसहावीच्या मुलांसमोर ठेवल्यास आलेखवाचनाचा याहून चांगला पाठ मिळणे कठीण.

शिक्षणशास्त्रातही दोन वक्र प्रसिद्ध आहेत. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून निरर्थक शब्दावयव पाठ केले व ते किती विसरले जातात हे मोजले. १८८५ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक पाठांतर निसटते, दिवसाअखेर सुमारे एकतृतीयांश उरते. पुढे मात्र गळती मंदावते. हा विस्मरणाचा वक्र. सोमवारी शिकविलेला भाग शुक्रवारी विचारण्यापेक्षा मंगळवारीच एकदा उजळून घ्यावा, ही जुन्या गुरुजींची रीत या वक्राशी चांगली जुळते. दुसरा शिक्षणवक्र. १९३६ साली टी. पी. राइट या अमेरिकन अभियंत्याने विमानांच्या कारखान्यात असे पाहिले की, एकूण उत्पादन दुप्पट झाले की एका विमानामागे लागणारे श्रम सुमारे ८० टक्क्यांवर येतात. म्हणजे हात सरावतात. गंमत अशी की, ‘लर्निंग कर्व्ह फार चढा आहे’ असे इंग्रजीत म्हणतात, तेव्हा विषय अवघड आहे असा अर्थ घेतला जातो. आडव्या अक्षावर वेळ व उभ्या अक्षावर कौशल्य घेतल्यास चढा वक्र हा झटपट शिकल्याचा पुरावा ठरतो! बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आलेख नसून डोंगर असतो, एवढाच याचा उलगडा.

घंटेच्या आकाराच्या वक्राबद्दल मात्र थोडे सावध राहणे इष्ट. पुष्कळ माणसांच्या उंचीसारख्या मापांचा आलेख घंटेच्या आकाराकडे झुकतो. म्हणून काही परीक्षापद्धतींत ‘कर्व्हवर’ गुण देतात. म्हणजे अमुक टक्के मुलांना वरची श्रेणी, अमुक टक्क्यांना खालची, असे आधीच ठरते. बावीस पटाच्या वर्गाला ही घंटा बांधणे गैर आहे. बावीसच्या बावीस मुलांना भागाकार आला, तर कोणाला तरी खालची श्रेणी द्यावयाची कशासाठी? मूल काल कोठे होते व आज कोठे आहे, हे पाहण्यास शेजारच्या मुलाचे गुण उपयोगी पडत नाहीत.

क्रीडांगणावरील अर्थ सोपा आहे. अमेरिकेतील बेसबॉल खेळात हवेत वळणाऱ्या चेंडूला ‘कर्व्ह बॉल’ म्हणतात, व त्यावरून अनपेक्षित प्रश्न टाकण्यासही तोच शब्द लावतात. आपण अशा वेळी ‘गुगली टाकली’ म्हणतो.

वर सांगितलेल्या शाळेतील शिक्षकांनी त्या मुलीचा कापलेला गुण तिला परत दिला व उत्तरपत्रिकेवर तशी सही केली. तेव्हा इतर मुलांनी आपले गुण आता जाणार काय, असे विचारले. प्रश्नात ‘भूमितीतील अर्थाने’ किंवा ‘नेहमीच्या बोलण्यातील अर्थाने’ असे काहीच लिहिले नव्हते, म्हणून दोन्ही उत्तरांस पूर्ण गुण देण्यात आले, आणि पुढील चाचणीत तोच प्रश्न ‘पेन्सिल न उचलता काढता येणाऱ्या आकृत्या ओळखा, त्यांपैकी न वळलेली कोणती ते सांगा’ असा घालण्यात आला.