चेंडूतून निघालेला राक्षस

‘एलियन’ हा १९७९ चा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याचा मूळ पटकथाकार डॅन ओबॅनन. पण हा राक्षस त्याच्या लेखणीतून आधी उतरला होता तो चक्क एका फुगवलेल्या चेंडूच्या रूपात!

ओबॅनन आणि जॉन कारपेंटर हे कॅलिफोर्नियात चित्रपटकला शिकणारे विद्यार्थी. दोघांनी मिळून लिहिलेला ‘डार्क स्टार’ १९७४ मध्ये आला. वीस वर्षं अंतराळात भटकून कंटाळलेले, दाढ्या वाढलेले, एकमेकांवर खेकसणारे चौघे जण. यानातला टॉयलेट पेपरसुद्धा नष्ट झालेला! त्यातला पिनबॅक (हे काम स्वतः ओबॅननने केलंय) पाळलेल्या परग्रहावरच्या प्राण्याला खायला द्यायला जातो. प्राणी निसटतो. त्याच्या मागे धावताना पिनबॅक लिफ्टच्या पोकळीत लोंबकळतो. शेवटी बेशुद्ध करायची सुई लागताच प्राण्यातली हवा फुस्स होते.

लिहिलं होतं विनोदी म्हणून. प्रेक्षक हवे तसे हसले नाहीत. ते ओबॅननच्या मनाला लागलं. हसत नाहीत ना, मग घाबरवून पाहू, असं त्यानं ठरवलं.

‘एलियन’मध्ये यान तसंच कळकट, माणसं तशीच कुरकुरणारी. (वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलर यांच्या पुनर्लेखनाचा यात वाटा आहे, हे सांगायला हवं.) मला तरी या सिनेमात राक्षसापेक्षा त्या पगार-बोनसवरच्या कटकटीच जास्त हादरवतात, माणसं ओळखीची वाटतात म्हणून. त्यातलाच ब्रेट हरवलेली मांजर शोधायला एकटा जातो. पिनबॅक जिवंत परतला होता. ब्रेट परतत नाही.