दाताची सूज : ठणका थांबला म्हणजे आजार थांबला असे नाही

सातपुड्यातील मोलगी परिसरात काम करताना "दात दुखायचा थांबला, आता नुसता गाल सुजलाय" हे वाक्य अनेकदा कानावर येते. सांगणाऱ्याला हायसे वाटलेले असते. प्रत्यक्षात आजार पुढे सरकलेला असतो.

कीड दात पोखरत आतल्या नसेपर्यंत पोहोचली की ठणका लागतो. नस मेली की ठणका कमी होतो. पण जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात आणि तिथे पू साठतो. तो वाट काढत गालात, जबड्याखाली पसरतो. हीच चेहऱ्यावरची सूज.

मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी सूज काही दिवस ओसरते. जंतूंचे घर मात्र दातातच राहते, म्हणून ती पुन्हा येते. पू बाहेर काढणे आणि दाताचे रूट कॅनाल करणे किंवा तो दात काढणे, हाच खरा उपचार. तंबाखू, मिश्री दाबून ठेवल्याने जंतू मरत नाहीत.

तोंड उघडेना, गिळता येईना, लाळ गळू लागली, जीभ वर उचलली गेली, सूज मानेकडे किंवा डोळ्याकडे सरकली, थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये. जिभेखालची सूज श्वास कोंडू शकते. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्येच या आजाराचे वर्णन केले आहे. अशा वेळी १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांबाबत तर साधी सूजही अंगावर काढू नये.

लोक अडाणी आहेत, असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. पाड्यावरून मोलगीपर्यंत पायपीट, पुढे देवगोई घाट उतरून अक्कलकुवा, मग नंदुरबार. एका दातापायी मजुरी बुडते. ऊसतोडीला गुजरातेत गेलेले कुटुंब उचल फिटेपर्यंत दुखणे पुढे ढकलते.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन कामे करावीत. सरकारी रुग्णालयात दंतचिकित्सक कोणत्या दिवशी असतो, हे विचारून पाड्यांवर कळवावे. धोक्याची लक्षणे भिली, पावरी बोलीत सांगावीत. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने आश्रमशाळेतील मुलांचे दात तपासले का, किडलेले आढळले तर पुढे उपचार झाले का, याची मुख्याध्यापकांकडे चौकशी करावी. वेळेत भरलेला दात सहसा सुजेपर्यंत जात नाही.