धर्मपीठ व बदलता काळ : वसई-तारापूरच्या किनाऱ्यावरील एक उदाहरण

एकत्र कुटुंबांतील कर्त्या पुरुषाची खरी कसोटी सुबत्तेच्या दिवसांत लागत नाहीं. मुलें शिकून आपल्या मतानें वागूं लागतात, सुना घराबाहेर पडून चार पैसे मिळवूं लागतात, नातवंडें वडिलांना कधीं सुचले नव्हते असे प्रश्न विचारूं लागतात, तेव्हां ती लागते. कोणती रीत जपावयाची, कोणती सोडावयाची, आणि सोडतांना घराचें घरपण कसें राखावयाचें, ह्याचा निर्णय त्यालाच करावा लागतो. सर्व कांहीं धरून ठेवावें तर माणसें दुरावतात. सर्व कांहीं सोडून द्यावें तर घर उरत नाहीं. हाच पेंच रोमच्या कॅथॉलिक धर्मपीठापुढें गेलीं दीडशें वर्षें उभा आहे. रोम आपणांस दूर वाटतें. परंतु ह्या पेंचाचा एक बोधप्रद भाग आपल्या अगदीं दाराशीं, पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, घडलेला आहे. आपल्या वर्गाचें लक्ष तिकडे फारसें गेलेलें दिसत नाहीं, म्हणून हा लेखप्रपंच.

वसईपासून पालघर, बोईसरवरून डहाणूकडे रेल्वेनें जातांना पश्चिमेच्या अंगास जो प्रदेश लागतो, तो मराठ्यांच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली. १७३९ च्या आरंभीं तारापूरचा कोट घेतांना बाजी भिवराव रेठरेकर धारातीर्थीं पडले, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई सर केली. येथवरची हकीकत आपण मुलांना अभिमानानें सांगतों. पण फिरंगी गेल्यावर मागें राहिलेल्या ख्रिस्ती रयतेचें पुढें काय झालें, हें सहसा कोणी सांगत नाहीं. ती रयत येथेंच राहिली. शरणागतीच्या अटींत तिला धर्मपालनाची मोकळीक मिळाली होती. शेती, बागाईत व मासेमारी हे तिचे व्यवसाय. सामवेदी, वाडवळी ह्यांसारख्या मराठीच्या बोली ही तिची घरची भाषा. देऊळ वेगळें, पण माती तीच.

अशा लोकांच्या धर्मपुढाऱ्यांस पहिला प्रश्न पडला तो भाषेचा. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटानें १६१६ सालीं गोमंतकांत ‘क्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध केलें. तें मराठींत व ओवीछंदांत होतें. लोकांपर्यंत पोंचावयाचें तर त्यांच्याच वाणीनें पोंचलें पाहिजे, हें त्या परक्या माणसानें ओळखलें होतें. परंतु १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनें कोंकणी सोडून तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज भाषा अंगीकारावी असा हुकूम काढला. उपासनेची मुख्य भाषा तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लॅटिनच राहिली. शेतकऱ्यानें रोज आपल्या बोलींत रडावें-हंसावें, आणि ज्या मिस्सा-विधीस तो रविवारीं भक्तिभावानें बसे त्यांतील शब्द मात्र त्यास कळूं नयेत, अशी स्थिति होती. आपल्या घरांतील मंत्रपाठाचा विचार केला म्हणजे ह्या गोष्टीस हंसण्याचा अधिकार आपणांस फारसा उरत नाहीं.

दुसरा प्रश्न गादीचा. पूर्वेकडील बिशप नेमण्याचा जो परंपरागत हक्क पोर्तुगालच्या राजसत्तेकडे होता, त्यास ‘पाद्रोआदो’ म्हणत. त्या हक्कावरून लिस्बन व रोम ह्यांच्यांत दीर्घकाळ तंटा चालला, आणि एकाच मुंबईंत एकाच धर्माच्या लोकांवर दोन वेगवेगळे अंमल चालूं लागले. १९२८ सालीं तडजोड झाली ती अशी, कीं मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीनें एकदां पोर्तुगीज व एकदां ब्रिटिश असावा. ज्यांच्यावर अधिकार चालवावयाचा त्या भारतीयांचें नांव ह्या पाळींत कोठेंच नव्हतें.

ह्याच पाळीप्रमाणें १९३७ सालीं थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट त्या गादीवर आले. भारतीयांच्या धर्मसंस्थेचा प्रमुख भारतीयच असावा, असें त्यांचें मत झालें. केवळ मत देऊन ते थांबले नाहींत. १९४६ सालीं व्हॅलेरियन ग्रेशियस ह्यांना साहाय्यक बिशप करून घेऊन त्यांनीं कारभार त्यांच्या हातीं सोंपविला, आणि नव्या माणसावर आपली सावली पडूं नये म्हणून ते स्वतः मुंबईबाहेर निघून गेले. पुढें १९५० सालीं पोर्तुगालनें आपला हक्क सोडला, रॉबर्ट्स ह्यांचा राजीनामा मंजूर झाला, आणि ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ सालीं तेच भारताचे पहिले कार्डिनल झाले. हातांतील सत्ता वेळेवर व गाजावाजा न करतां सोडणारा अधिकारी विरळा. तसा एक आपल्या मुंबईंत होऊन गेला, ही गोष्ट स्मरणांत ठेवण्यासारखी आहे.

आतां रोमकडे वळूं. १८६४ सालीं नववे पायस ह्या पोपनीं त्या काळच्या ‘चुकीच्या’ मतांची एक यादीच प्रसिद्ध केली. पोपनें प्रगति व आधुनिक सुधारणा ह्यांच्याशीं जमवून घ्यावें, हें मत त्यांत शेवटचें होतें व तेंही निषिद्ध ठरलें. १९१० पासून धर्मगुरूंस आधुनिक विचारांविरुद्ध शपथ घ्यावी लागे. ती १९६७ सालीं बंद झाली. मध्यंतरींच्या काळांत कांहींच हाललें नाहीं असें नाहीं. तेराव्या लिओ पोपनीं १८९१ सालीं मजुरांच्या योग्य वेतनाची व संघटनेची बाजू उचलून धरली होती. परंतु दारें खऱ्या अर्थानें उघडलीं तीं १९६२ ते १९६५ ह्या वर्षांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें. उपासना लोकभाषेंत करण्यास मोकळीक मिळाली, आणि हिंदु, बौद्ध, इस्लाम व यहुदी धर्मांकडे आदरानें पाहण्याचें धोरण जाहीर झालें. परिषद चालू असतांनाच, डिसेंबर १९६४ मध्यें, सहावे पॉल पोप मुंबईस आले. येथील निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलतांना त्यांनीं बृहदारण्यकोपनिषदांतील सुप्रसिद्ध प्रार्थनेचा उच्चार केला. शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा कांहीं भाग जगांतील दरिद्री जनतेसाठीं काढून ठेवावा, ही हांकही त्यांनीं मुंबईंतूनच दिली.

ह्या मोकळ्या वाऱ्याचें पीक वसईंत चांगलें आलें. १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, व थॉमस डाबरे हे त्याचे पहिले बिशप झाले. त्यांच्या संशोधनाचा विषय कोणता असेल? तुकोबांचा ईश्वरानुभव! नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं १९८३ पासून चोवीस वर्षें ‘सुवार्ता’ मासिक चालवून तें मराठी साहित्याच्या प्रवाहांत आणलें. ‘सुबोध बायबल’ ह्या त्यांच्या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथें भरलेल्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. अध्यक्ष ख्रिस्ती धर्मगुरु आहे म्हणून त्या वेळीं कांहीं मंडळींनीं हरकत घेतली होती. आधुनिक जगाशीं जुळवून घेण्याचा प्रश्न एकट्या रोमचा नाहीं, हें त्या हरकतीवरून आपल्याही ध्यानांत यावें. फादर २५ जुलै २०२४ रोजीं निवर्तले.

परंतु दिब्रिटो ह्यांचें खरें स्मारक ग्रंथांइतकेंच विहिरींपाशीं आहे. १९८० नंतरच्या दशकांत वसईच्या बागाईती जमिनींवर इमारती उठूं लागल्या, आणि गांवच्या विहिरींचें गोडें पाणी टँकरनें बाहेर जाऊं लागलें. त्याविरुद्ध ‘हरित वसई संरक्षण समिति’ उभी राहिली व फादर तिच्या अग्रभागीं आले. धर्मगुरूनें मोर्च्यांत चालावें काय, हा प्रश्न येथें साहजिकच उपस्थित होतो. १९८३ ची धर्मसंहिता धर्मगुरूस राजकीय पक्षांत क्रियाशील होण्यास मनाई करते. सार्वजनिक हितासाठीं वरिष्ठांना आवश्यक वाटेल तरच अपवाद. ह्या अरुंद वाटेवरून फादर चालले. धमक्या आल्या, तरी मागें फिरले नाहींत. लढा सर्वस्वी यशस्वी झाला असें म्हणवत नाहीं. २०११ च्या शिरगणतींत वसई-विरार शहराची वस्ती बारा लाखांवर गेलेली होती. तथापि जी झाडें व विहिरी शिल्लक राहिल्या, त्यांत त्या लोकांच्या कष्टांचा वांटा आहे.

तोच प्रश्न उत्तरेस तारापूरकडे अधिक मोठ्या स्वरूपांत उभा आहे. १९६९ सालीं तेथें भारतांतील पहिलें अणुविद्युत्-केंद्र सुरूं झालें. पुढें त्याच्या विस्तारासाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठलीं. बोईसरच्या कारखान्यांच्या सांडपाण्यानें खाडी नासते, म्हणून मांगेला समाजाच्या संस्थेनें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं वाढवण बंदराची पायाभरणी झाली, तिच्याविषयींही मच्छीमारांच्या मनांत धास्ती आहे. वीज नको, बंदर नको, असें म्हणणें सोपें नाहीं. ती वीज आपल्याच घरांत जळते. रोमनेंही अणुशास्त्राचा सरसकट निषेध केलेला नाहीं. अण्वस्त्रांचा निषेध करीत असतांनाच तें आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचें १९५७ पासून सभासद आहे. २०१५ सालीं फ्रान्सिस पोपनीं आपल्या पत्रांत एवढेंच बजावलें, कीं भूमीचा आक्रोश व गरिबाचा आक्रोश हे निरनिराळे ऐकतां येत नाहींत.

येथें धर्मपीठाची एक जड बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर चित्र एकांगी होईल. १९६६ सालीं पोपच्याच नेमलेल्या मंडळांतील बहुमत संततिनियमनाच्या बाबतींत नियम शिथिल करावा असें पडलें. रॉबर्ट्स ह्यांनीं तर १९६४ सालींच त्या बंदीविषयीं जाहीर शंका घेतली होती. तरीही १९६८ सालीं सहाव्या पॉलनीं कृत्रिम उपायांवरील बंदी कायम केली. स्त्रियांस धर्मगुरुपद मिळणार नाहीं, हें १९९४ सालीं पुनः निक्षून सांगण्यांत आलें. शाळा चालविणाऱ्या, रुग्णांची सेवा करणाऱ्या भगिनी असंख्य. पण वेदीवरील अधिकार पुरुषांचाच. बंदी जीविताच्या आदरापोटीं आहे असें समर्थक म्हणतात, आणि तें मनापासून म्हणतात. परंतु जिच्या देहावर व संसारावर त्या निर्णयाचा भार पडतो, तिचें मत निर्णय करणाऱ्यांच्या बैठकींत किती ऐकलें गेलें, हा प्रश्न त्यामुळें मिटत नाहीं.

ह्या सर्व हकीकतीवरून आम्हांस एक कसोटी सुचते. नव्या काळास विरोध करणें हें स्वतः चांगलेंही नाहीं, वाईटही नाहीं. तो विरोध गादीच्या रक्षणासाठीं आहे कीं माणसांच्या, हें पाहावें. १८६४ ची यादी निघाली तेव्हां पोपचें ऐहिक राज्य हातचें जात होतें, आणि त्या यादीवर त्या भीतीची छाया आहे. वसईच्या विहिरीवरचा विरोधही आधुनिकतेलाच होता. पण तो तहानलेल्या घरांसाठीं होता, म्हणून लोक त्याच्या पाठीशीं आले. जो अधिकारी लोकांच्या भाषेंत बोलला, त्यांच्या पाण्यासाठीं झटला, किंवा योग्य वेळीं खुर्चीवरून उठला, त्याचा मान वाढला. जेथें न ऐकतां ठरविलें गेलें, तेथें आज्ञा राहिली, पण मनें दुरावलीं. आपल्या घरांत उद्यां एखाद्या रीतीवरून वाद निघेल, तेव्हां वडीलधाऱ्यांनीं हीच कसोटी स्वतःला लावून पाहावी. आणि निकाल देण्यापूर्वीं, त्या रीतीचा भार घरांत नेमका कोणावर पडतो, हें त्या व्यक्तीलाच बोलावून विचारावें.