व्हिडिओ गेममधील फोबोस आणि विदर्भातील शिलावर्तुळांतील अश्व

प्राचीन जगाचे चित्रण करणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये घोडा हे प्रामुख्याने प्रवासाचे साधन असते. तथापि खेळणाऱ्यांच्या मनात त्याला साधनापलीकडचे स्थान लाभते. २०१८ साली युबिसॉफ्ट या कंपनीने प्रकाशित केलेल्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' या गेममधील फोबोस हे याचे ठळक उदाहरण होय. या गेमचे मुख्य कथानक इ.स.पू. ४३१ मध्ये, म्हणजेच अथेन्स व स्पार्टा यांच्यातील पेलोपोनेशियन युद्धाच्या आरंभकाळी सुरू होते. कसांड्रा अथवा अलेक्सिओस यांपैकी एकाची भूमिका घेऊन खेळणारा ग्रीसभर संचार करतो आणि शीळ घातली की फोबोस हजर होतो. ग्रीक पुराणकथांत फोबोस हा युद्धदेव एरिसचा पुत्र, मूर्तिमंत भय. असे नाव धारण करणारा घोडा लळा लावतो, ही गंमतच म्हणावयाची.

हा लळा निर्माण होतो तो हाक आणि प्रतिसाद यांच्या अखंड पुनरावृत्तीतून. फोबोसला चारा-पाणी करावे लागत नाही. लढाईत तो जखमी होऊन कोसळला तरी काही वेळाने शिळेसरशी परत येतो. वाहन कायमचे गमावल्यास खेळाचा ओघ खुंटेल, म्हणून केलेली ही सोय आहे. याउलट, याच युद्धाच्या सुमारास जन्मलेल्या झेनोफन या ग्रीक लेखकाने अश्वविद्येवरील आपल्या ग्रंथात शिंगराची भूक व तहान माणसाच्या हातूनच शमावी, म्हणजे त्याला माणसाची ओढ लागेल, असे सांगितले आहे. घोड्याशी रागाच्या भरात वागू नये, हाही त्याचाच उपदेश. गेममधील नात्यात घोड्याची ही गरजच उरलेली नाही, आणि त्यामुळे खेळणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही.

ज्या सहस्रकात हे कथानक घडते, त्याच सहस्रकात विदर्भातही घोड्याला असाधारण महत्त्व होते. वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा येथे महापाषाणयुगीन शिलावर्तुळे आहेत. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील माहुरझरी येथे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी प्रा. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली तत्कालीन नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले. तेथील दफनांत मानवी अवशेषांबरोबर घोड्याचे अवशेष, लोखंडी लगामाच्या कड्या आणि घोड्याच्या मुखावर बांधावयाचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार मिळाले. घोड्याच्या हाडांवर शस्त्राच्या खुणा आढळल्या. त्यावरून मृत व्यक्तीबरोबर पाठविण्यासाठी त्याचा बळी दिला गेला असावा, असे अनुमान अभ्यासकांनी मांडले आहे.

या बळीमागे जिव्हाळा होता की केवळ प्रतिष्ठेचे प्रदर्शन, हे हाडांवरून ठरविता येत नाही. बहुधा दोन्ही असावे. परलोकातही हाच घोडा सोबत हवा, या धारणेसाठी एक कसलेला जिवंत घोडा व त्याचा साज मागे राहिलेल्यांना कायमचा गमवावा लागला, एवढे मात्र निश्चित. साज चढविण्याची हौस फोबोसच्या बाबतीतही दिसते. त्याचे रूप पालटणारे अनेक पर्याय गेममध्ये उपलब्ध असून त्यांपैकी काही प्रत्यक्ष पैसे मोजून घेता येतात. माहुरझरीचा ताम्रालंकार आकाराने साधा आहे. तो ज्या मुखावर बांधला होता, ते मुख त्याच्यासह मातीत गेले.