मुक्त बंद्यांचे पुनर्वसन : छत्तीसगडच्या संदर्भात

रायपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून शिक्षा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या बंद्याची शिक्षा कायद्याच्या दृष्टीने त्या दिवशी संपते. त्याची खरी कसोटी मात्र त्याच दिवशी सुरू होते. गावात शेती दुसऱ्याच्या ताब्यात गेलेली असते, मजुरीवर घेण्यास कोणी धजत नाही आणि नातेवाईकही अंतर राखतात. अशा वेळी त्याला ओळख देणारे लोक कारागृहात भेटलेलेच असतील, तर तो पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता वाढते. म्हणूनच पुनर्गुन्हेगारीस आळा घालण्याचा प्रश्न केवळ कारागृहाच्या आतील सुधारणांचा नसून, मुक्ततेनंतरच्या आधाराचाही आहे.

घटनात्मक चौकट

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार कारागृहे हा राज्यसूचीतील विषय (नोंद ४) आहे. केंद्र सरकार आदर्श नियम व कायद्यांचे मसुदे तयार करते. त्यांची अंमलबजावणी राज्यांच्या इच्छाशक्तीवर अवलंबून असते. न्यायमूर्ती ए. एन. मुल्ला समितीने (१९८०-८३) परिविक्षा, अनुरक्षण आणि पुनर्वसन ही कारागृहसेवेची अविभाज्य अंगे मानावीत, अशी शिफारस केली. १८९४ च्या कारागृह अधिनियमाचा भर शिस्त व बंदोबस्तावर होता. त्यास पर्याय म्हणून केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२३ मध्ये तयार केलेल्या आदर्श कारागृहे व सुधारसेवा अधिनियमात मुक्ततेनंतरच्या पुनर्वसनाला स्थान देण्यात आले आहे.

परिविक्षेवरील मुक्तता

छत्तीसगडला या बाबतीत एक महत्त्वाचा वारसा लाभला आहे. बंद्यांच्या परिविक्षेवरील मुक्ततेचा मध्य प्रदेशाचा अधिनियम १९५४ सालचा. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि विदर्भ व रायपूर एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगडची स्थापना झाल्यावर नव्या राज्यातही हा कायदा चालू राहिला.

या कायद्याचे तत्त्व सोपे आहे. बंद्याचे पूर्ववृत्त व कारागृहातील वर्तन पाहून, तो शांततेने जीवन जगेल असे वाटल्यास राज्य शासन त्यास परवान्यावर मुक्त करू शकते. मात्र त्याला शासकीय अधिकारी, संस्था किंवा जबाबदारी स्वीकारणारी व्यक्ती यांच्या देखरेखीखाली राहावे लागते. अटींचा भंग झाल्यास परवाना रद्द होऊन तो पुन्हा कारागृहात जातो. म्हणजे मुक्तता एकाएकी न होता पायरीपायरीने होते आणि प्रत्येक पायरीवर त्याच्यासाठी उत्तरदायी असलेला एक माणूस असतो. मुदत संपताच दार उघडून सोडून देण्याच्या पद्धतीत नेमके हेच नसते.

स्वतंत्रपूरचा धडा

विश्वासावर आधारलेल्या या विचाराचे महाराष्ट्रातील उदाहरण सर्वश्रुत आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत स्थापन केली. मॉरिस फ्रिडमन यांचा त्या प्रयोगात मोठा वाटा होता. बंद्यांनी भिंतीविना राहून शेती करावी आणि कुटुंबाचा सहवास मिळवावा, ही तिची कल्पना. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा चित्रपट याच प्रयोगावरून स्फुरला. खुल्या कारागृहात बंदी मुक्ततेपूर्वीच कमावता होतो, हा त्याचा व्यावहारिक लाभ होय.

मजुरी आणि पत

गुजरात राज्य विरुद्ध गुजरात उच्च न्यायालय (१९९८) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने बंद्यांना श्रमाचा न्याय्य मोबदला मिळावा आणि त्यातील काही भाग पीडितांसाठी राखून ठेवावा, असे सुचविले. ही मजुरी कुटुंबाला आधार देते आणि बाहेर पडताना हाती थोडी शिल्लकही राहते. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने मे २०२२ मध्ये येरवडा मध्यवर्ती कारागृहात सुरू केलेली 'जिव्हाळा' योजना याच दिशेने जाते. तीत पात्र बंद्यांना ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. आत असलेल्या व्यक्तीचे घर सावरले, तर बाहेर आल्यावर त्याला परतण्यासाठी घर उरते.

न्यायाधीन बंद्यांचा प्रश्न

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, न्यायाधीन होते. त्यांची शिक्षा ठरलेली नसते. त्यामुळे प्रशिक्षण व परिविक्षेच्या बहुतेक योजना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. तरीही नोकरी, जमीन व प्रतिष्ठा यांची हानी सिद्धदोषाइतकीच होते. बस्तर विभागातील आदिवासींच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्र आहे. छत्तीसगड शासनाने त्यांच्या प्रकरणांच्या पुनर्विचारासाठी २०१२ मध्ये निर्मला बुच समिती, तर २०१९ मध्ये न्यायमूर्ती ए. के. पटनायक समिती नेमली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ अन्वये पहिल्यांदाच आरोपी झालेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कोठडीत घालविल्यास तिला जामिनावर मुक्त करण्याची तरतूद आहे. मृत्युदंड वा आजन्म कारावासास पात्र गुन्हे यातून वगळले आहेत.

पुढील दिशा

कायद्यांची उणीव नाही. उणीव आहे ती जोडणाऱ्या दुव्याची. कारागृहे गृह विभागाकडे असतात, तर परिविक्षा व कल्याणाची कामे अनेक राज्यांत अन्य विभागांकडे असतात. या दोहोंच्या मधल्या जागेत मुक्त बंदी एकटा पडतो. मुक्ततेच्या काही महिने आधी त्याच्या गावाशी संपर्क, ओळखपत्र व बँक खाते, त्या भागात चालणाऱ्या कामाचे प्रशिक्षण आणि बाहेर आल्यावर काही काळ पाठपुरावा करणारा एक निश्चित अधिकारी, एवढी व्यवस्था झाली तर पुष्कळ साध्य होईल. यासाठी होणारा खर्च हा बंद्यावरील उपकार नव्हे. पुढचा गुन्हा आणि त्याचा बळी ठरणारी व्यक्ती टाळण्यासाठी समाजाने केलेली ती गुंतवणूक होय.